विरुद्ध रंगांचे उंट

चौथ्या फेरीच्या जोड्या भिंतीवर डकवल्या तेव्हा
चष्मा दोनदा पुसला.
पट एकोणतीस. पांढरी: भोंडवे हि. ज्ञा.
काळी: कुदळे सु. रा., म्हणजे मी.

बिबवेवाडीतलं मंगल कार्यालय. स्टेजवर
कालच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं,
नवऱ्याचं नाव उतरवलेलं, नवरीचं अर्धं राहिलेलं,
खुर्च्यांच्या पाठींना अजून गुलाबी साटीन.

हिरामण आला. केस सगळे गेलेत.
हात पुढे केला, कारण नियमच आहे.
मीही दिला, कारण नियमच आहे.
अकरा वर्षांनी.

राजापुढचं प्यादं, दोन घरं.
मी वजिराकडच्या उंटापुढचं. एकच घर.

कारो-कान.
त्याने लिहिता लिहिता पेन थांबवलं.

खडकीच्या कारखान्याचा भोंगा झाला की
दापोडीच्या पुलाजवळच्या टपरीमागे
शिकलो होतो हे, एका रशियन पुस्तकातून;
डेक्कनच्या फुटपाथवर तीन रुपयांना घेतलेलं,
दीड त्याचे, दीड माझे.
अक्षर एक कळत नव्हतं दोघांनाही.
नुसते आकडे आणि पटांची चित्रं.
खेळीपुढे उद्गारचिन्ह असलं की तो म्हणायचा, वा!
प्रश्नचिन्ह असलं की मी, गाढव लेकाचा.
"सुरेश, उंट आधी बाहेर काढ,
दार मग लाव. नाहीतर
जन्मभर घरात बसेल साला."

तिसऱ्या खेळीला काढला.
चौथ्याला दार लावलं.
त्याने बघितलं. पटाकडे, माझ्याकडे नाही.

पतसंस्थेच्या कागदावर, जामीनदार या शब्दासमोर
सही करायला मला अर्धं मिनिट लागलं होतं.
इथे तेराव्या खेळीला एकवीस मिनिटं घालवली.
त्याची झेरॉक्सची दोन मशिनं गेली, मग गाळा,
मग फोन लागेनासा झाला.
अठ्ठेचाळीस हप्ते. मोजलेत.
अठ्ठेचाळिसाव्याची पावती कपाटात आहे,
कुणाला दाखवायची ते न ठरल्यामुळे.

वजीर गेले. घोडे गेले.
शेजारच्या पटावरचं पोर केव्हाच मात देऊन
बाहेर केळ्याचे वेफर्स खात होतं.
हॉलमध्ये आम्ही, पंचांची ती चुणचुणीत मुलगी
आणि पंख्याची खरखर.

एक्केचाळिसाव्या खेळीला मी हत्तीने हत्ती घेतला,
त्याने परत घेतला.

उरलं ते असं:
माझा तोच उंट, तिसऱ्या खेळीचा, पांढऱ्या घरांवर.
त्याचा काळ्या घरांवर.
एकाच पटावर असून
जन्मात समोरासमोर न येणारे.
माझं एक प्यादं जास्त. पार बी तीनपर्यंत पोचलेलं.
पण बी दोनवर त्याचा राजा
उंबऱ्यात बसावं तसा बसलेला,
आणि ते घर काळं. माझ्या उंटाला तिथे
नजरही टाकता येत नाही.
जास्तीचं असूनही
वसूल न होणारं.

मी उंट इकडे. तो तिकडे.
मी तिकडे. तो इकडे.
मग खेळी केल्यावर, घड्याळ दाबण्याआधी, नियमाप्रमाणे,
"बरोबरी?"

आवाज तोच. थोडा खरखरीत.
मी पटाकडे बघत राहिलो,
मग त्याच्या हाताकडे. शर्टाचं बटण
दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं.
हात दिला.

अर्धा त्याला. अर्धा मला.
त्याच्या कागदावर मी सही केली, माझ्यावर त्याने.
या वेळी आधी सगळं वाचून घेतलं.

"झालेल्यांनी बाहेर बसा," मुलगी म्हणाली.

बाहेर पार्किंगमध्ये, चपलांच्या ढिगाशेजारी,
तो म्हणाला, "एक्केचाळिसाव्याला हत्ती का घेतलास?
ठेवला असतास तर जिंकत होतास."
"दिसलं नाही."
"तुला?"

मी किल्ल्या चाचपत राहिलो.
त्याने माझ्या स्कूटरच्या सीटवर
घडीचा पट उघडला
आणि न विचारता
एक्केचाळिसावी खेळी मांडायला घेतली.